चौथीतल्या मुलांची सायकल परीक्षा आणि मोठ्यांच्या लायसन्सचा प्रश्न

मे महिन्यातली सकाळ, आठ वाजायला दहा मिनिटं होती. जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात, आमच्या वस्तीतल्या एका चौकात, झाडाखाली, मी पॅडला लावलेला छापील तक्ता आणि पेन घेऊन उभी होते. अंगात भडक पिवळं जाकीट. माझ्यासारखेच आणखी काही आईबाप शाळेभोवतीच्या रस्त्यांवर नेमून दिलेल्या जागी उभे होते. त्या दिवशी आमच्या मुलांची सायकलची परीक्षा होती.

जर्मनीत बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते आणि ती संपायच्या आत प्रत्येक मुलाला सायकल शिकवली जाते. तोल सांभाळायला बहुतेक जण घरीच शिकलेले असतात. शाळा शिकवते ती रस्त्यावर चालवायला. आधी वर्गात रस्त्यावरच्या खुणा आणि पाट्या, मग शाळेच्या आवारात आखलेल्या रेघांवरून सराव, मग पोलीस खात्यातली या कामासाठीच नेमलेली माणसं येऊन मुलांना खऱ्या रस्त्यावर घेऊन जातात. शेवटी लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष परीक्षा. आमच्या शाळेची प्रत्यक्ष परीक्षा चालू वाहतुकीत झाली. मुलं थोड्या थोड्या अंतराने एकेकटी सुटतात, पाठीवर नंबर असतो, आणि वाटेत उभे असलेले पालक काय बरोबर झालं, काय राहिलं ते टिपतात.

माझ्या वाट्याला डावं वळण आलं होतं. इथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, म्हणून उजवीकडे वळताना आपण ज्या धास्तीने वळतो ती धास्ती इथे डाव्या वळणाला. तक्त्यावर त्या एकाच वळणासाठी कितीतरी रकाने होते. मागे वळून पाहिलं का? डावा हात नीट बाहेर काढला का? रस्त्याच्या मध्याकडे सरकलं का? समोरून येणाऱ्याला आधी जाऊ दिलं का? हात परत हँडलवर घेतल्यावर, वळायच्या अगदी आधी, पुन्हा एकदा मागे पाहिलं का? वळण मोठं, गोल घेतलं की कोपरा कापला? आणि वळून झाल्यावर, त्या रस्त्याला कुणी पायी ओलांडत असेल तर थांबलं का?

हे सगळं काही सेकंदांत करायचं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने, एका हाताने सायकल धरून.

पहिला मुलगा आला तेव्हा मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तो ओठांतल्या ओठांत क्रम म्हणतोय. मागे बघ, हात, सरक, थांब. समोरून एक व्हॅन येत होती. तो पाय टेकवून थांबला, व्हॅन गेली, त्याने परत मागे पाहिलं आणि वळला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढंसं पोर, आणि त्या रस्त्यावर आपली जागा काय, दुसऱ्याची काय, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. त्याच्या मागून आलेल्या मुलीने दुसऱ्यांदा मागे पाहायचं विसरलं. मी फुली मारली. मला ती फुली मारवत नव्हती, पण आदल्या दिवशी पालकांना समजावणाऱ्या पोलीसबाईंनी निक्षून सांगितलं होतं : दया दाखवू नका, पुढच्या आठवड्यात ती याच रस्त्यावर एकटी असणार आहे.

मुलांच्या मधून मोठी माणसंही जात होती. कामाला निघालेली, पोराला मागच्या सीटवर बांधलेली, कानांत हेडफोन घातलेली. त्यांच्यासाठी माझ्याकडे तक्ता नव्हता, तरी डोळे तेच शोधत राहिले. मागे पाहिलं का? बहुतेकांनी नाही. हात दाखवला का? काहींनी नुसती बोटं हलवली. एका सूटबूटवाल्या गृहस्थांनी कोपरा असा कापला की पलीकडून येणाऱ्या बाईंना ब्रेक दाबावा लागला. आणि ही जर्मन माणसं, म्हणजे यांतल्या बऱ्याच जणांनी चौथीत असताना हीच परीक्षा दिली असणार.

माझी लेक आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने सगळं केलं, फक्त हात दाखवायला उशीर केला. मी तो रकाना रिकामा ठेवला आणि रात्री तिला तसं सांगितलंही.

दोन दिवसांनी ती घरी एक घडीचं कार्ड घेऊन आली. त्यावर तिचा फोटो, शिक्का, सही. सगळी मुलं त्याला सायकलचं लायसन्सच म्हणतात, ‘फाराडफ्युररशाईन’. तिने ते आरशाच्या फटीत खोचून ठेवलं आहे.

खरं तर ते लायसन्स नाही, आणि मला लिहायचं आहे ते याबद्दल. त्या कार्डाला कायद्याने काही किंमत नाही. ज्याला ते मिळालं नाही तो मुलगाही त्याच दुपारी सायकलवर बसून घरी जाऊ शकतो. पास झालेल्याला जास्तीचा हक्क मिळत नाही, नापास झालेल्याचा काढला जात नाही. जर्मनीत सायकल चालवायला कुणालाच कुठलंही लायसन्स लागत नाही. सायकलला नंबरप्लेट नाही, विम्याची सक्ती नाही, हेल्मेटचीही नाही.

घरच्या मंडळींना फोनवर हे सांगितलं की आश्चर्य वाटतं. इतका नियमांचा देश, कुत्रा पाळायचा तर कर भरावा लागतो, आणि सायकल मोकळी? आठ कोटींहून जास्त सायकली आहेत या देशात. म्युन्स्टर तर सायकलींचंच गाव. इथल्या बोलीत सायकलला ‘लेत्से’ असा खास शब्द आहे, आणि स्टेशनसमोर १९९९ साली बांधलेल्या सायकलतळात तळघरात ३,३०० सायकली मावतात. जुन्या तटबंदीच्या जागी गावाभोवती साडेचार किलोमीटरचं लिंडनच्या झाडांचं कडं आहे, प्रोमेनाड नावाचं. त्यावर मोटार येत नाही. सकाळी तिथे सायकलींची रांग तुटत नाही. अशा ठिकाणी लायसन्सचा विचार कुणाच्या मनात येत नसेल असं वाटेल, पण येतो, वारंवार येतो. माझ्याही मनात आला होता, आणि त्याला कारण घडलं होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, एकट्या, ऐंशीच्या पुढच्या. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात संध्याकाळी बसमधून उतरून त्या घराकडे निघाल्या. त्या बसथांब्यापाशी सायकलची वाट फुटपाथवरूनच, थांब्याच्या छपरामागून जाते. एकजण बिनदिव्याच्या सायकलवरून जोरात आला, आजींना धडकला, दोघंही पडली. तो उठला, काहीतरी बोलला आणि निघून गेला. आजींच्या मांडीचं हाड मोडलं. चार महिने त्या घरातून बाहेर पडल्या नाहीत. मी संध्याकाळी सूप घेऊन वर जायचे तेव्हा त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायच्या : मोटारवाला असता तर नंबर तरी कुणी वाचला असता. यांना नंबर नाही, लायसन्स नाही, कुणाची भीती नाही. द्या एकदा प्रत्येकाला लायसन्स, मग बघा.

मी तेव्हा त्यांच्याशी सहमत होते, आणि आजही त्यांच्या रागाला उथळ म्हणायला मी तयार नाही. सायकलप्रेमी मंडळींशी बोलताना मला हे खटकतं. पायी चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं भय ते झटकून टाकतात. इथल्या सरकारी अपघात नोंदींनुसार मोटार आणि सायकल यांच्या अपघातांत साधारण चारपैकी तीन वेळा मुख्य दोष मोटारचालकाचा असतो. हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच नोंदींत सायकल आणि पादचारी यांच्या धडकेत निम्म्याहून जास्त वेळा दोष सायकलस्वाराचा निघतो. हेही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवं. ज्याच्याकडे वेग जास्त, त्याच्याकडून चूक जास्त, आणि भोगतो तो हळू चालणारा.

तरीही लायसन्स हे औषध नाही, असं आता माझं ठाम मत झालं आहे. माझं जुनं मत बदलायला आधी माझी स्वतःचीच गोष्ट कारणीभूत झाली.

मी इथे आले तेव्हा माझ्याकडे लायसन्स होतं. मोटार चालवायचं, अकरा वर्षं जुनं, एकही अपघात नसलेलं. परदेशी लायसन्सवर इथे आल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते, म्हणजे कागदोपत्री मी रस्त्यावर यायला पूर्ण लायक होते. दुसऱ्याच आठवड्यात जुनी सायकल घेतली. आणि तिसऱ्या आठवड्यात एका शांत गल्लीत, माझ्या उजवीकडून आलेल्या मोटारीखाली जाता जाता वाचले. मी सरळ जात होते, माझा रस्ता रुंद होता, तिचा अरुंद, म्हणून माझा हक्क पहिला असं मी धरून चालले होते. इथला नियम वेगळा : चौकात पाटी किंवा सिग्नल नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग त्याचा रस्ता बोळ का असेना. ‘रेष्ट्स फोर लिंक्स’, उजवा आधी, डावा नंतर. जर्मन पोराला हे दुसरी-तिसरीत पाठ असतं. मला अकरा वर्षांच्या लायसन्सने ते शिकवलं नव्हतं. चालकाने काच खाली करून मला जे सुनावलं ते मला तेव्हा कळलं नाही. बरंच झालं.

त्याच वर्षी रस्त्याच्या चुकीच्या बाजूच्या सायकलवाटेवरून जाताना पोलिसांनी अडवलं. वीस युरो दंड. म्युन्स्टरचे पोलीस सायकलवाल्यांना नेमाने अडवतात, आणि माझ्यासमोर रांगेत तिघं होते, तिघंही इथेच वाढलेले. त्या पोलिसाने मला शांतपणे दाखवलं की समोरच्या गल्लीतून बाहेर पडणारा मोटारवाला फक्त डावीकडे बघतो, कारण सायकल तिकडूनच येणार असं तो गृहीत धरतो. मी उजवीकडून आले तर त्याच्या नजरेत मी नसतेच. त्या दोन मिनिटांत मी जे शिकले ते आयुष्यभर विसरणार नाही. उलट्या बाजूने जाणाऱ्याला जर्मन लोक ‘गायस्टररादलर’ म्हणतात, भुतासारखा सायकलवाला. अचानक प्रकटणारा.

तर कागद होता आणि ज्ञान नव्हतं, अशी माझी अवस्था. आणि चौकात उभी राहिले त्या सकाळी उलटं चित्र : कागदाला किंमत नाही, पण ज्ञान पक्कं. सूटबूटवाल्या गृहस्थांचं काय? त्यांनी एकदा शिकलेलं पुसट झालं होतं. लायसन्स असतं तरी पुसट झालंच असतं. जर्मनीत मोटारीचं कार्ड पंधरा वर्षांनी बदलावं लागतं, पण परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही, आणि मोटारी चालवणाऱ्यांनाही सायकलशेजारून जाताना गावात दीड मीटर अंतर ठेवायचं असतं हे २०२० पासून स्पष्ट लिहिलेलं असूनही रोज माझ्या कोपराजवळून आरसे जातात. त्या प्रत्येकाकडे लायसन्स आहे.

मग भीती? आजी म्हणतात तशी भीती हवी, हे मला मान्य आहे. पण ती आत्ताही आहे, लोकांना माहीत नसते इतकंच. सायकलवर लाल सिग्नल तोडला तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत एक गुण. होय, सायकलवाल्यालाही. फ्लेन्सबुर्ग या उत्तरेकडच्या गावात सगळ्या देशातल्या वाहतूक गुन्ह्यांची नोंद राहते, आणि आठ गुण झाले की मोटारीचं लायसन्स जातं. हातात फोन धरून सायकल चालवली तर ५५ युरो. दारू पिऊन रक्तात हजारी १.६ प्रमाण गाठलं तर तो फौजदारी गुन्हा, आणि मग मानसतज्ज्ञ-डॉक्टरांसमोर लायकी सिद्ध करावी लागते, जिला सगळे ‘इडियटांची परीक्षा’ म्हणतात. मोटारीला गुन्ह्याची तीच रेघ १.१ वर आहे. सायकलला एवढी सवलत देणं मला चूक वाटतं. १.६ ला माणसाचा तोल धड राहत नाही, तो आजींच्या फुटपाथवर यायलाच नको. ही रेघ खाली आणा, माझी सही घ्या.

पण शिक्षा वेगळी आणि आगाऊ परवानगी वेगळी. लायसन्स म्हणजे काय, तर जे एरवी कुणालाच करता येत नाही ते तुला करू देतो, असं सरकारने म्हणणं. मोटारीबाबत हे कसं सुरू झालं ते पाहिलं की फरक लख्ख दिसतो, आणि योगायोग असा की दोन्ही वाहनं एकाच गावात जन्मली, मानहाइममध्ये. कार्ल द्राइस यांनी १२ जून १८१७ रोजी आपलं दोन चाकांचं लाकडी यंत्र मानहाइमहून बाहेर काढलं. त्याला पेडल नव्हतं, पायांनी जमीन रेटत जायचं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मानहाइमने ते फुटपाथवर चालवायला बंदी घातली. म्हणजे आजींची तक्रार सायकलच्या पहिल्या वर्षाइतकी जुनी आहे, आणि तेव्हाच्या गावकऱ्यांनी चालणाऱ्याची जागा आखून दिली. सत्तर वर्षांनी त्याच गावात कार्ल बेंझ यांनी मोटार बनवली, तेव्हा १८८८ मध्ये त्यांना सरकारकडून लेखी परवानगी घ्यावी लागली. पुढे १९०९ च्या कायद्याने साऱ्या देशात मोटारचालकाला लायसन्स सक्तीचं झालं, कारण या यंत्राने रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांचा जीव धोक्यात येत होता.

आणि तो धोका किती पटींचा, हे कागदावर मांडून पाहता येतं. सायकल आणि स्वार मिळून ९५ किलो, वेग ताशी २० किलोमीटर. मोटार १,५०० किलो, वेग ताशी ५०. धडकेच्या क्षणी मोटारीकडे असलेली ऊर्जा जवळपास शंभरपट भरते. आजींचं हाड मोडलं हे खरं, आणि ते भयंकर होतं. पण त्या जगल्या. या देशात दरवर्षी चारशेहून जास्त सायकलस्वार रस्त्यावर जीव गमावतात.

लायसन्सचे प्रयोग झालेच नाहीत असंही नाही. १९०० च्या आसपास जर्मनीच्या कितीतरी भागांत सायकलवाल्याला नाव-गाव लिहिलेलं कार्ड खिशात बाळगावं लागे. सायकल गरिबाची झाली, कामगार तिच्यावर बसून कारखान्यात जायला लागला, आणि ती कार्डं मागे पडली. कॅनडात टोरंटो शहराने १९३५ मध्ये सायकलींना लायसन्स लावलं आणि १९५७ मध्ये काढून टाकलं. काढताना नगरपालिकेने दिलेलं कारण मला फार मानवी वाटतं : लहान मुलांच्या हातून अजाणतेपणी कायदा मोडला जातो, आणि पोलिसांशी त्यांचं नातं बिघडतं. स्वित्झर्लंडमध्ये सायकलला दरवर्षी विम्याचं स्टिकर चिकटवावं लागे. २०१२ पासून तेही गेलं, कारण बहुतेकांच्या घरच्या विम्यात ते आधीच येत होतं. इथेही तसंच आहे. आमच्या घरच्या दायित्व विम्यात, मी सायकलवरून कुणाला धडकले तर त्याचा खर्च येतो. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी सांगते, पहिल्या महिन्यात तो विमा घ्या.

टोरंटोच्या त्या कारणापाशी मी सारखी परत येते, कारण माझ्या लेकीचं वय. इथे आठ वर्षांपर्यंतच्या मुलाने फुटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलवाटेवरूनच सायकल चालवायची असते, दहापर्यंत फुटपाथवरून चालवली तरी चालते. दहा वर्षांखालच्या मुलाकडून मोटारीशी अपघात झाला तर कायदा त्याला नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरत नाही. त्याला वेगाचा आणि अंतराचा अंदाज अजून येत नाही हे मानलं आहे. म्हणजे मोठ्यांनी सांभाळून घ्यायचं, आणि तोवर त्याला शिकवायचं. लायसन्सची सक्ती केली तर या मुलाचं काय करणार? वय लहान म्हणून सूट दिली तर सगळ्यांत कच्चा माणूस परवान्याबाहेर राहिला. सूट दिली नाही तर तो शाळेत मोटारीने जाणार, आणि शाळेच्या दारात मोटारींची गर्दी वाढली की चालत येणाऱ्या पोरांनाच धोका.

दुसऱ्या टोकाला आमच्या इमारतीतलेच एक आजोबा. डोळे अधू झाले म्हणून त्यांनी स्वतःहून मोटारीचं लायसन्स परत केलं. आता तीन चाकी सायकलवरून, दिवसाउजेडी, बाजार आणि डॉक्टर एवढंच. त्यांच्याकडून उद्या परीक्षा मागितली तर ते घरी बसतील. एरवी काही हजार युरो खर्चून मोटारीचं लायसन्स काढणं ज्यांना झेपत नाही, त्यांचीही गोष्ट तीच.

आणि तिसरी, माझ्या मनाच्या सगळ्यांत जवळची : आयुष्यात पहिल्यांदा सायकलवर बसणाऱ्या बायका. बर्लिनमध्ये २०१५ पासून ‘बाइकिजीज’ नावाची संस्था निर्वासित स्त्रियांना सायकल शिकवते. आमच्या गावातही असे वर्ग भरतात, आणि मी गेल्या उन्हाळ्यात दर शनिवारी एका मैदानात मदतीला जात होते. चाळिशीतली एक बाई, चार मुलांची आई, मी सीट मागून धरलेली, आणि मी हात सोडला हे कळल्यावर तिने जी किंकाळी फोडली ती भीतीची नव्हती. त्यानंतर आम्ही तिला तेच शिकवलं : मागे बघ, हात दाखव, उजवा आधी. तिच्याकडे भाषेचं प्रमाणपत्र नाही, कामाचा परवाना लटकलेला, राहण्याचा कागद दर काही महिन्यांनी नवा. तिच्या आयुष्यात परवानगीशिवाय करता येणारी गोष्ट म्हणजे सायकलवर बसून हव्या त्या दिशेला जाणं.

इथल्या लायसन्सच्या नियमावलीचं पहिलंच कलम मी शोधून वाचलं. त्याचा अर्थ असा : सार्वजनिक रस्त्यावर यायला प्रत्येकाला मुभा आहे, एखाद्या प्रकारासाठी परवाना सांगितला असेल तेवढं सोडून. लायसन्सच्या नियमांच्या पहिल्याच वाक्यात ‘प्रत्येकाला’ हा शब्द आहे. रस्ता आधी सगळ्यांचा, परवाना हा अपवाद. स्वतःच्या पायांच्या बळावर जाणाऱ्याला त्या अपवादात ढकलू नये, यासाठी मी भांडेन.

रेघ कुठे मारायची हे इथे बऱ्यापैकी नीट ठरलं आहे. पेडल मारताना ताशी २५ किलोमीटरपर्यंत साथ देणारी विजेची सायकल ही कायद्याने सायकलच. ४५ पर्यंत साथ देणारी असेल तर लायसन्स, हेल्मेट आणि विम्याची नंबरप्लेट, तिन्ही सक्तीचं, आणि सायकलवाटेवर मज्जाव. मोटर जोर धरते तिथे परवाना सुरू होतो. मला हे पटतं. आता लहान पोरं किंवा सामान वाहणाऱ्या अवजड विजेच्या सायकली वाढल्या आहेत, त्यांच्यासाठी वेगळा विचार करायची वेळ येईल, येऊ दे.

माझी मागणी वेगळीच आहे. चौथीतल्या मुलाला जे फुकट, शाळेच्या वेळात, पोलीस शिकवतात, ते माझ्यासारख्या तिशीत आलेल्या माणसाला कुणीच शिकवत नाही. पत्ता नोंदवायला गेले तेव्हा माझ्या हातात कचऱ्याच्या चार डब्यांचं पत्रक दिलं होतं, प्लास्टिक कुठे, कागद कुठे. त्याच खिडकीवर एका शनिवारच्या सायकलवर्गाचं बोलावणं दिलं असतं तर मी त्या गल्लीत तशी शिरले नसते. दर वर्षी किती विद्यार्थी या गावात येतात, आल्या आल्या सायकल घेतात! घरपोच जेवण पोचवणारी पोरं, बहुतेक आपल्याकडून इथे आलेलीच, पावसात फोनवर नकाशा बघत लाल सिग्नलमधून जातात, कारण उशीर झाला तर कामावर बोलणी बसतात. त्यांना शिकवायची जबाबदारी त्यांना पळवणाऱ्या कंपन्यांवर टाकली पाहिजे, आणि शिकण्याचे तास पगारी असले पाहिजेत.

आणि आजींचा बसथांबा. हाड बरं झाल्यावर त्या आणि मी एकदा तिथे जाऊन उभ्या राहिलो. छपराच्या मागून सायकलवाट, छपराच्या काचेवर जाहिरात, त्यामुळे उतरणाऱ्याला सायकल दिसत नाही आणि सायकलवाल्याला उतरणारा. तिथे सावकाश जाणाऱ्या, दिवा लावलेल्या, परीक्षा पास झालेल्या माणसाचीही कुणाशी तरी टक्कर होईल. आजी काठीने जमिनीवर दाखवत होत्या, वाट इकडून हवी होती, रस्त्यालगत. मला त्या क्षणी वाटलं, या बाईंना वाहतुकीतलं माझ्याहून जास्त कळतं.

नगरपालिकेकडे लेखी सूचना करण्याचा हक्क या राज्यात प्रत्येक रहिवाशाला आहे, त्यासाठी जर्मन नागरिक असावं लागत नाही. गेल्या रविवारी आम्ही पत्र लिहायला बसलो. आजी सांगत होत्या, मी टाइप करत होते, लेक वहीवर थांब्याचा नकाशा काढत होती आणि सायकलवाटेला परीक्षेत शिकवतात तशी लाल रंगाने भरत होती. पत्राच्या शेवटी आजींनी एक वाक्य सांगितलं : सर्व सायकलस्वारांना लायसन्स सक्तीचं करावं. मी थांबले. मी त्यांना हे सगळं सांगितलं, इथे लिहिलंय ते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुमचं तुम्हाला पटतं, माझं मला दुखतं.

वाक्य त्यांनी काढलं नाही. मग आम्ही दोन पत्रं केली. एक थांब्याचं, त्यावर आम्हा तिघींच्या सह्या आणि सोबत नकाशा. दुसरं लायसन्सचं, त्यावर त्यांची एकटीची. पाकिटं मात्र लेकीने दोन्ही नेऊन टाकली, सायकलवरून, आणि आजी खिडकीत उभ्या राहून कोपऱ्यावर ती मागे वळून बघते का ते पाहत होत्या.